पाटीवरचा खवा

मला एका जागी बसता येत नाही. वर्गात खुर्ची आहे, तिच्या पाठीवर टॉवेलही टाकलेला आहे, पण तिच्यात मला सलग दहा मिनिटं बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं दुसऱ्याच गुरुजींना पाहिलं. जेवतानाही माझा एक पाय हलत असतो. बायको म्हणते, "तुम्ही जेवता का शिलाई मशीन चालवता?"

अशा माणसाच्या हातात आधी मोबाइल आला, मग गावकऱ्यांनी शाळेला मोठा टीव्ही दिला, आणि मग धाराशिवला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. तिथला तरुण मार्गदर्शक पडद्यावर एकामागून एक वेबसाइट उघडत म्हणत होता, "चित्रं पाहिजेत? फुकट. स्लाइड पाहिजेत? फुकट. चाचणी घ्यायचीय? तीही फुकट." माझ्या शेजारचे गुरुजी चहा पिऊन डुलक्या घेत होते. मी मात्र प्रत्येक 'फुकट'ला एक खुर्ची पुढं सरकत दुपारपर्यंत थेट प्रोजेक्टरच्या उजेडात जाऊन बसलो होतो. मागून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, डोकं खाली घ्या. वेबसाइट तुमच्या टकलावर दिसायलीय."

शाळा आमची भूम आणि वाशीच्या मधल्या एका गावात. जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. शिक्षक दोन. पहिली-दुसरीला बाई, तिसरी-चौथीला मी. बाई माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, आवाजानंही. त्यांनी भिंतीपलीकडं 'अ' म्हटलं की माझ्या वर्गातली पोरं 'अननस' म्हणून मोकळी होतात.

प्रशिक्षणाहून आलो आणि दुसऱ्याच दिवसापासून सुटलो. 'घर' शिकवायला घराचं चित्र उतरवून घेतलं. छान लाल कौलं, धुराडं, आणि सगळ्यावर बर्फ. पोरं म्हणाली, "गुरुजी, घरावर कापूस कशाला वाळत घातलाय?" मग 'शेतकरी' आणला. कडक इस्त्रीचा चौकडीचा शर्ट, हातात भाज्यांची टोपली, बत्तीसही दात बाहेर. तिसरीतलं एक कार्टं उठून म्हणालं, "ह्यो शेतकरी न्हाय गुरुजी. ह्यो उभा ऱ्हायलाय इलेक्शनला." स्लाइड बनवायची एक फुकटची सोय मिळाली होती. ती दोन आठवडे खरंच फुकट होती. पंधराव्या दिवशी पाहतो तर माझ्या सगळ्या गाईंच्या पोटावर त्या वेबसाइटचं नाव तिरपं उमटलेलं. पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. गाईला डाग दिलाय, एवढंच ती म्हणाली.

बाई दारात उभ्या राहून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "गुरुजी, खिडकीतनं बाहेर बघितलं असतं तर खरीच गाय हाय की बांधलेली."

मी म्हणालो, "बाई, खरी गाय झूम होत नाही."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. दोन दिवस मी ते मनातल्या मनात म्हणत हिंडत होतो.

आता त्या मुलीविषयी सांगतो. माझ्या चौथीत एक मुलगी होती, जी शाळेत बोलत नव्हती. मुकी नाही, तोतरी नाही, मंद तर मुळीच नाही. वही उघडली की अक्षर मोत्यासारखं, गणितं बरोबर. पण तोंड बंद. हजेरीला हात वर करायची. पहिलीपासून हेच. तिच्या घराची गावाबाहेर खव्याची भट्टी. आमच्या भागात अशा भट्ट्या गावोगाव आहेत. सकाळी दूध येतं, मोठाल्या कढया चढतात, दूध आटत आटत त्याचा खवा होतो आणि मग तो लांबलांबच्या पेढेवाल्यांकडं जातो. तिच्या आज्जीला मी एकदा विचारलं, घरी बोलते का? आज्जी म्हणाली, "घरी? घरी ती मला बोलू देईना."

दिवाळीनंतर तिचे वडील शाळेत आले होते. सज्जन माणूस, आवाज चढवून बोलणारा नाही. म्हणाले, "गुरुजी, पाचवीची शाळा पुढल्या गावाला. एसटीनं जायचं. गाडी चुकली, मधीच बंद पडली, तर ही कुणाला काय इचारणार? तुमच्याकडं बोलाय लागली तर धाडतो जूनमधी. न्हाय बोलली तर घरी भट्टी हायच."

ते गेले आणि मी त्या दिवशी वर्गात इतक्या येरझाऱ्या घातल्या की पोरांनी फळा सोडून माझ्याकडं बघत माना हलवायला सुरुवात केली. जून म्हणजे लांब नव्हता. मी काय काय केलं! तिला कविता दिली, तिनं ती पाठ केली आणि लिहून दाखवली. मॉनिटर केली, तिनं बोटाच्या इशाऱ्यावर वर्ग असा गप्प बसवला की मला ते कधी जमलं नाही. स्नेहसंमेलनात झाड केलं, म्हटलं सुरुवात तर होईल. ती झाड म्हणून इतकी उत्तम उभी राहिली की बक्षीस मिळालं.

आणि मग मला ती कार्डं सापडली. ही चाचणीची एक फुकटची सोय आहे. प्रत्येक पोराला एक कागदी कार्ड द्यायचं, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. उत्तर जे वाटेल ती बाजू वर करून कार्ड धरायचं. गुरुजींनी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की मोबाइल आपोआप सगळ्यांची उत्तरं वाचतो. टीव्हीवर पोरांचे नंबर दिसतात, बरोबर असला तर हिरवा, चूक असला तर लाल. शेजारच्याचं बघून काही कळत नाही, कारण नक्षी प्रत्येकाची वेगळी. मुख्य म्हणजे तोंड उघडावं लागत नाही.

त्या मुलीचा नंबर सात. पहिल्याच दिवशी सात नंबर पाचही प्रश्नांना हिरवा झाला. तिनं टीव्हीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. पुढं पुढं कार्ड धरताना तिचे ओठ हलायला लागले. उत्तर ती मनात म्हणत होती, ते ओठांपर्यंत येत होतं. मी रोज घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज अर्धा इंच पुढं आलं. लाल आलेल्या पोराला मी त्या दिवसांत एकच वाक्य म्हणायचो, अगदी मायेनं, "नीट बघ बाळा." ते वाक्य लक्षात असू द्या. मला ते विसरता येत नाही.

अशातच शिक्षण परिषद आमच्या शाळेवर आली. आजूबाजूच्या दहा-बारा गावांतल्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा कुठल्यातरी शाळेत जमतात, त्यांच्यावरचे केंद्रप्रमुख साहेब येतात, आणि यजमान शाळेनं सगळ्यांसमोर एक नमुना पाठ घ्यायचा असतो. साहेब म्हणाले, "तुमचं ते कार्डांचं दाखवा." मी तर उडालोच. विषय ठरवला, आपल्या भागातले दुधाचे पदार्थ.

चित्रं गोळा करायला मी संध्याकाळी गच्चीवर बसलो, कारण घरात नेट येत नाही. तोंडात पेढा होता. 'खवा' असं मराठीत टाकलं तर मिठाईच्या दुकानांचे पत्ते यायला लागले. इंग्रजी स्पेलिंग करून टाकलं, तेव्हा एक चित्र आलं. असं चित्र की मी उभा राहिलो. काळीभोर दगडी पाटी, तिच्यावर पांढरेशुभ्र चौकोनी तुकडे, धारदार कडा, बाजूला पुदिन्याची दोन पानं, पाण्याचा एक थेंबसुद्धा. खाली लिहिलेलं, ताजा खवा. आणि त्याखाली, कुठंही वापरा, फुकट.

बायको वाळलेले कपडे काढायला वर आली होती. म्हणाली, "खव्याचा फोटो पाहिजे? फ्रीजमध्ये अर्धा किलो आहे. काढा की."

मी म्हणालो, "त्याला रिझोल्यूशन नाही."

थोडा पांढरा वाटला मला तो खवा. नाही असं नाही. पण आमचा टीव्ही सगळंच जरा पिवळट दाखवतो, तेव्हा तिथं बरोबर होईल असं मी स्वतःला समजावलं. शिवाय खाली लिहिलं होतं ना.

नमुना पाठ असला की त्याची आदल्या दिवशी तालीम होते. हे कुणी कुणाला सांगत नाही, पण सगळ्या शाळांत होते, आणि परिषदेला आलेले सगळे शिक्षक ते ओळखून असतात, कारण पुढच्या महिन्यात तेच करायचं असतं. मीही घेतली. तिसऱ्या प्रश्नाला ते चित्र आलं. 'हा पदार्थ कोणता? दही, खवा, पनीर, लोणी.' पोरांनी कार्डं धरली. मोबाइल फिरवला. टीव्हीवर सगळा वर्ग लाल. सगळ्यांनी पनीर धरलं होतं.

"अरे, खव्याच्या गावची पोरं तुम्ही," मी म्हणालो, "खवा ओळखू येईना?"

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. एकानं विचारलं, "मग पाटीवर का ठेवलाय गुरुजी?"

"फोटोसाठी."

"पाटी धुतली व्हती का?"

"बस खाली."

दुसऱ्यांदा तालीम घेतली. सगळा वर्ग हिरवा. सगळ्यांनी खवा धरला होता. मला इतका आनंद झाला की मी त्याला प्रगती म्हणालो. हा शब्द मी मोठ्यानं उच्चारलेला आहे, बाई साक्षीला आहेत.

सात नंबर त्या दिवशी गैरहजर होता. ती मामाकडं वाशीला गेली होती, कुणाचं तरी जावळ होतं.

परिषदेच्या दिवशी वर्ग गच्च भरला. पुढं सतरंजीवर पोरं, मागं आणि भिंतीकडेनं शिक्षक, खिडकीजवळ खुर्चीवर साहेब, दारात बाई. माझे पाय जमिनीला लागत नव्हते. पहिला प्रश्न हिरवा, दुसरा हिरवा. मागून 'वा, वा' आलं. तिसरा आला. काळी पाटी, पांढरे तुकडे. पोरांनी ठरल्याप्रमाणं कार्डं वर केली. मी मोबाइल फिरवला. टीव्हीवर हिरवे, हिरवे, हिरवे, आणि मध्येच एक लाल. सात.

मी पुढं जाणार एवढ्यात ती उभी राहिली. आपोआप, कुणी न सांगता. कार्ड छातीशी धरून म्हणाली, "गुरुजी, ह्यो खवा न्हाय. पनीर हाय."

वर्गातली पोरं वळून तिच्याकडं बघायला लागली. दारात बाईंनी तोंडावर हात ठेवला. आणि मी? ज्या आवाजासाठी मी दिवाळीपासून माकडचाळे केले, तो आवाज माझ्यासमोर उभा होता, आणि मला दिसत होते साहेब. त्यांच्या हातातला कागद. त्यावर काहीतरी लिहायला टेकवलेलं पेन.

"नीट बघ बाळा," मी म्हणालो. अगदी मायेनं. "खवाच आहे. काय रे मुलांनो, काय आहे हे?"

"खवा!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

तिनं टीव्हीकडं पाहिलं. मग एकेक करून पोरांकडं पाहिलं, रोज जिच्याबरोबर यायची त्या शेजारच्या मुलीकडंही. मग खाली बसली. साहेब शेजारच्याला म्हणाले, "समूह प्रतिसाद चांगला आहे."

पाठ संपला, टाळ्या झाल्या, चहा आला. चहाबरोबर पेढे होते. त्याच भट्टीच्या खव्याचे. वाशीकडच्या शाळेतल्या एक जुन्या मॅडम पेढा खात माझ्याजवळ आल्या. "पाठ छान झाला हो गुरुजी. ते तेवढं पनीर होतं."

"तुम्हाला कळलं?"

"मला? सगळ्यांना कळलं. साहेबांनी तर मला हळूच विचारलं, हे गुरुजी बाहेरच्या जिल्ह्यातले आहेत का?"

"मग कुणी बोललं का नाही?"

"चालू पाठात कसं बोलायचं?" त्यांनी दुसरा पेढा उचलला. "एक पोरगी बोलली की."

लोक गेले. सतरंज्या गुंडाळताना बाई म्हणाल्या, "पहिलीपासनं बघते मी तिला. माझ्याकडं होती दोन वर्षं. आवाज ऐकला का तुम्ही तिचा?"

"ऐकला."

"कसा हाय हो? मी लांब होते दारात."

मला सांगता येईना. जाड का बारीक, काहीच आठवेना. शब्द आठवत होते, आवाज नाही. मी सतरंजीचं एक टोक धरून नुसता उभा राहिलो, आणि एका जागी थांबणं मला जमत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली. सात नंबर टीव्हीवर ना हिरवा, ना लाल. राखाडी. म्हणजे मोबाइलला कार्ड दिसलंच नाही. मी बघितलं तर कार्ड तिच्या मांडीखाली होतं. तिच्या मागच्या पुढच्या पोरांनीही मग कार्ड धरताना आधी माझ्या तोंडाकडं बघायला सुरुवात केली. मी भुवई वर केली की कार्ड फिरवायची. ही नवीनच सोय झाली, आणि तीही फुकट.

मी काय केलं? भित्र्या माणसानं करावं ते. त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर गुपचूप बदलून पनीर केलं आणि वर्गात जाहीर केलं, "त्या दिवशी एक तांत्रिक अडचण आली होती. ते पनीर होतं."

तिसरीतलं ते कार्टं उठलंच. "म्हंजी टीव्हीला पनीर कळत न्हाय व्हय गुरुजी?"

"हो, कधीकधी होतं असं."

सात नंबरनं मान वर केली नाही. तीन दिवस राखाडी. त्या तीन दिवसांत मी किती खडू मोडले सांगता येणार नाही. हातात घेतला की मोडायचा. मधल्या सुट्टीत मैदानाला चकरा मारायचो, पोरं माझ्यामागं रांग करून चालायची, त्यांना वाटायचं नवीन खेळ आहे. घरी बायको म्हणाली, "जा एकदा त्या भट्टीवर. इथं फरशी झिजवू नका."

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर गाडी तशीच भट्टीकडं वळवली. आज्जी कढईसमोर बसली होती, हातात लांब दांड्याचं उलथणं. मला बघून म्हणाली, "या गुरुजी. पनीर न्हाय बरं का आमच्याकडं."

मी हसलो. हेल्मेट काढून कुठं ठेवावं ते सुचेना, एका कॅनवर ठेवलं आणि भिंतीकडं जाऊन टेकलो.

"तिथं नका थांबू, धूर येतो," कुणीतरी म्हणालं.

मी सरकलो.

"तिथं बी न्हाय. लाकडं पडतील अंगावर."

मी वळून पाहिलं. ती होती. बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं की समोर गुरुजी आहेत. ओठ मिटले. आज्जीनं उलथणं फिरवत माझ्याकडं तिरकं पाहिलं. "बघा. ऐकून घ्या. शाळेत न्हाय मिळायचं."

आतून तिचे वडील आले, हात पुसत. चहा सांगितला. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, तीन वर्षं बोलली न्हाय तवा कुणी काय म्हणलं न्हाय. बोलली, आन् चूक निघाली. आता म्हणती शाळेतच येत न्हाय."

"तिचं चुकलं नव्हतं," मी म्हणालो.

"मंग?"

इथं मी सरळ सांगायला पाहिजे होतं. दोन शब्द होते. पण मी म्हणालो, "त्याचं असं झालं, की नेटवर्क जरा..."

"नेटवर्क का?" आज्जी म्हणाली.

एवढंच. आज्जीनं उलथण्याच्या टोकावर जरासा खवा घेतला, माझ्या तळहातावर ठेवला. "चोळा बोटानं." मी चोळला. बोटाला तूप सुटलं. रंग साईच्या कडेसारखा, किंचित तांबूस, दाणेदार, आणि हात भाजेल इतका गरम. मी तो पन्नास वर्षं खातो आहे. त्याच्याकडं बघितलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

मी खिशातून मोबाइल काढला आणि मुलीपुढं धरला. "मला चांगला फोटो मिळत नाही. तू काढतेस का?"

तिनं आज्जीकडं पाहिलं. मग मोबाइल घेतला आणि कढईवर वाकली. पंधरावीस फोटो काढले असतील. मी चहा प्यायलो, परत येताना हेल्मेट तिथंच विसरलो, आणि ते माझ्या लक्षात भूमला घरी पोचल्यावर आलं.

रविवारी गच्चीवर बसून फोटो पाहिले. सगळ्यांत वाफ. नुसती वाफ, मध्ये कुठंतरी काळसर कढई आणि खाली जाळाचा तांबडा पट्टा. त्यातला एक मी त्या फुकटच्या चित्रांच्या वेबसाइटला पाठवला, म्हटलं जगात एक तरी खरा खवा असू द्यावा. दुपारपर्यंत उत्तर आलं. नाकारला. कारण, मुख्य विषय स्पष्ट दिसत नाही.

सोमवारी तोच फोटो मी काही न बोलता टीव्हीवर लावला. एक सेकंद गेला असेल.

"खवा!" पोरं ओरडली. "आज्जीची कढई!"

"आज्जीचीच कशावरून?"

"एका बाजूची कडी तुटलीय की!"

मी बघितलं. वाफेत खरंच कडी नव्हती. मला ती दिसली नव्हती, वेबसाइटला तर नव्हतीच. सात नंबर खाली बघत होती, पण तिच्या शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलेलं मी पाहिलं.

मग मी जुनं चित्र लावलं. काळी पाटी, पांढरे तुकडे. मी हजेरीच्या यादीत सगळ्यांत खाली माझं नाव घातलं होतं, नंबर चोवीस. कार्डही छापून आणलं होतं. खुर्ची बाजूला केली आणि सतरंजीवर पोरांच्यात जाऊन बसलो. मोबाइल सात नंबरच्या हातात दिला. "आज तू घे चाचणी."

पोरांनी कार्डं वर केली. मीही केलं. खवा धरला. त्या दिवशी तेच म्हणालो होतो, आता ऐनवेळी पनीर धरणं म्हणजे कॉपी. तिनं मोबाइल एका टोकापासून फिरवला, माझ्यापाशी आल्यावर जरा थांबली, मग पुढं नेला. टीव्हीवर सगळे हिरवे. कुणीही माझ्या भुवईकडं बघितलं नव्हतं. शेवटचा एक लाल. चोवीस.

पोरं हसायला लागली. "गुरुजी चुकले, गुरुजी चुकले!" बाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि वर्ग शांत झाला. लाल आलेल्याला सांगायचं काम मोबाइलवाल्याचं, हा आमच्या वर्गाचा नियमच. मी मांडी घालून बसलो होतो. पाय हलत होता. दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवला. ती उभी होती, मोबाइल घट्ट धरून. किती वेळ गेला ते मला विचारू नका.

"गुरुजी," ती म्हणाली, "चुकलं. नीट बघा. ह्यो खवा न्हाय."

"कशावरून?" मी विचारलं.

"खव्याला असं कोपरं नसत्यात. आन् असा पांढराफटक नसतोय, तूप सुटतंय त्याला." ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "आन् पाटीवर तर कुणीच ठेवत न्हाय."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "त्या दिवशीही तुझंच बरोबर होतं. टीव्ही नाही चुकला. नेटवर्क नाही चुकलं. मी चुकलो."

ते तिसरीतलं कार्टं म्हणालं, "आमी तर आधीच म्हणलो व्हतो पनीर."

"हो रे बाबा. तुम्हीही."

बाईंनी मला पुन्हा विचारलं असतं तर आता सांगता आलं असतं. आवाज थोडा घोगरा, आज्जीसारखा, हुकूम सोडणारा. पण बाईंना विचारायची गरज नव्हती. त्यांनी ऐकला होता.

दारात बाईंच्या मागं तिचे वडील उभे होते. हातात माझं हेल्मेट. कधी आले होते कुणास ठाऊक. मी सतरंजीवरून उठून अडखळत बाहेर गेलो. ते काही वेळ हेल्मेटवरची धूळ पुसत राहिले, तिथं धूळ नव्हती तरी.

"गुरुजी," मग म्हणाले, "पाचवीला नाव घालायचं म्हणलं तर काय काय लागतं?"

"दाखला मी देतो. प्रगतिपत्रक, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो. फोटोची तर काळजीच करू नका. एक ॲप आहे, फुकट, मोबाइलवरच पासपोर्ट साइज करून देतं, आत्ता दोन मिनिटांत..."

"नको!" आतून आवाज आला. "गुरुजी, तुमी नका काढू. वाशीला स्टुडिओत काढू."

वडिलांनी हेल्मेट माझ्या हातात दिलं. "ऐकलं का गुरुजी?"

"ऐकलं," मी म्हणालो.